गाडी कोणाची?

मामाने नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाने पाऊण तास खपून त्याला सगळी बटणं समजावली आणि शेवटी म्हणाला, "काका, आता किल्ली खिशातून काढायचीच नाही. गाडी तुम्हाला ओळखते." मामाला हे वाक्य खटकलं. त्याची उभी नोकरी टेल्कोच्या टूलरूममध्ये गेली. कोणी ढोबळ बोललं की त्याला राहवत नाही. "मला कुठे ओळखते?" तो म्हणाला. "ह्या डबीला ओळखते. डबी तू खिशात घातलीस तर तुलाही ओळखेल." मुलगा कसनुसा हसला. तेवढ्यात हार आला, पेढे आले, फोटो निघाले आणि तो विषय तिथेच राहिला.

मामाच्या लेखी किल्ली ही हातात धरायची वस्तू. मारुती 800 पहिल्यांदा रस्त्यावर आली ती 1983 च्या डिसेंबरात. मामाच्या दारात आली तेव्हा ती आधीच्या मालकाकडे पुष्कळ पळलेली होती. तिला कुलूप लावण्याचा त्याचा विधी ठरलेला. उतरायचं, दार लावायचं, किल्ली फिरवायची, हँडल ओढून बघायचं. चार पावलं जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं. मग डिकी. मामी ह्याला प्रदक्षिणा म्हणायची.

अर्थात त्या गाड्यांमध्येही किल्ल्या आत राहायच्याच. आतली खुंटी दाबून, हँडल उचलून धरून दार लोटलं की झालं काम. पण त्यावरचा इलाजही चौकाचौकात मिळायचा. काच आणि रबराच्या मधल्या फटीतून स्टीलची फूटपट्टी आत सारायची, आतला दांडा चाचपायचा आणि हलकेच वर ओढायचा. अप्पा बळवंत चौकात एका गृहस्थांनी समोरच्या दुकानातून नवी कोरी पट्टी विकत घेऊन अशी गाडी उघडलेली मी लहानपणी पाहिली आहे. नंतर ती पट्टी परत घ्या म्हणून ते दुकानदाराशी भांडले, तेही पाहिलं आहे. चेतकचं तर विचारूच नका. आकुर्डीत बनलेल्या त्या स्कूटरची किल्ली झिजली की शेजाऱ्याच्या चेतकलाही लागायची. मंडईतून भाजी आणि भलत्याचीच स्कूटर घेऊन घरी पोचलेले एक काका आमच्या नात्यात आहेत. तीच चेतक 2020 साली विजेवर चालायला लागून परत आली आणि आता तिलाही रिमोट आहे. काका सुटले.

ती कुलपं अडाणी होती. पट्टी धरणारा हात मालकाचा की चोराचा, हे त्यांना कळायचं नाही आणि कळतं असा त्यांचा दावाही नव्हता. ते बघण्याचं काम आजूबाजूच्या माणसांचं होतं. पानवाला, समोरचा शिंपी, गॅलरीतल्या आजी. भर चौकात पट्टी घेऊन गाडीशी खटपट करणाऱ्याला कोणी ना कोणी विचारायचंच, "काय हो, गाडी कोणाची?"

हा प्रश्न मामाला गेल्या मे महिन्यात तळजाईवर विचारला गेला.

रविवार होता. मामी सांगलीला तिच्या बहिणीकडे गेलेली. मी मामाबरोबर टेकडीवर फिरायला गेले होते आणि तिथून आम्हाला परस्पर सासवडला मावशीकडे जायचं होतं. त्यासाठी आईने तीनपुडी स्टीलचा डबा भरून दिला होता. खालच्या पुडात आमरस. डबा डिकीत. फेरी संपवून आम्ही पार्किंगमध्ये आलो. मामाला रस प्यायचा होता, म्हणजे तळजाईवरच्या माणसांचा असतो तो रस, कारल्याचा. खांद्यावरची पाऊच मध्येमध्ये येत होती. त्याने डिकीचं बटण दाबलं, ती उघडली, पाऊच डब्याला टेकून ठेवली, डिकी लावली. पाऊचमध्ये रिमोट होता. त्याचा मोबाइल, पाकीट आणि घराची किल्लीही त्यातच.

गाडीची दारं आधीपासून बंद होती. डिकी लागली की आपल्या खटक्यावर आपोआप बंद होते. अशा वेळी गाडीने बोंब ठोकायला हवी. रिमोट आत राहिला तर ती पीं पीं करते, डिकी पुन्हा उघडून देते. शोरूमच्या मुलाने ते करूनही दाखवलं होतं. त्या दिवशी ती गप्प बसली. आम्ही निवांत रस प्यायलो. परत येऊन मामाने दाराला हात लावला तर दार ढिम्म.

अशा प्रसंगी पुण्यात माणसं कमी पडत नाहीत. हास्यक्लबची मंडळी नुकतीच हसून मोकळी झाली होती, ती सगळी आली. मामाला तिथे सगळे 'टेल्को' म्हणतात. टेल्कोची गाडी अडकली म्हटल्यावर सल्ल्यांना सुरुवात झाली. एकाचं म्हणणं, काच फोडा, मागची छोटी फोडा, ती स्वस्त पडते. (त्या छोट्या काचेची किंमत विचारायला गेलात तर हा गैरसमज जागेवर दूर होईल.) दुसऱ्याने टेनिसच्या चेंडूला भोक पाडून तो किल्लीच्या भोकावर दाबायचा उपाय सांगितला, हवेच्या दाबाने म्हणे खटके उडतात. मामाने त्याला शांतपणे विचारलं की दारातल्या विजेच्या मोटरला हवा नेमकी कुठून लागते. चेंडूवाले गृहस्थ जरा मागे सरकले.

काच फोडण्याबद्दल इथेच एक सांगून टाकते. आत लहान मूल किंवा म्हातारं माणूस अडकलं असेल तर ह्यातलं काहीही करत बसू नये. 112 ला फोन लावावा, आणि उन्हाचा कडाका असेल तर आतल्या माणसापासून सगळ्यात लांबची बाजूची काच खुशाल फोडावी. बाजूच्या काचेचे बारीक दाणे होतात. समोरच्या काचेच्या नादी लागू नये, दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्यामुळे ती तडकते पण वाट देत नाही. आमच्या डिकीत फक्त आमरस होता. तोही तापत होता, पण आमरसासाठी काच फोडणं मामाच्या हिशेबात बसत नव्हतं.

तिसरा सल्ला सगळ्यात गमतीचा. एक काकू म्हणाल्या, "घरी दुसरा रिमोट असेल ना? घरच्यांना फोन लावा, रिमोट फोनजवळ धरून बटण दाबायला सांगा आणि इकडे तुमचा फोन दाराजवळ धरा." हा निरोप मलाही व्हॉट्सॅपवर येऊन गेलेला आहे, तुम्हालाही आला असेल. घरी कोणीच नव्हतं, तो भाग वेगळा. पण असतं तरी उपयोग नव्हता. फोन माणसाचा आवाज वाहून नेतो. रिमोट आवाज काढत नाही, तो रेडिओ लहरी सोडतो, आणि फोनच्या माइकला त्या ऐकू येत नाहीत.

मामाने मात्र काकूंना हसण्यावारी नेलं नाही. "कल्पना चुकीची नाही," तो म्हणाला, "फोन चुकीचा आहे." आणि किल्लीवाला येईपर्यंत त्याने तिथेच सगळ्यांचा वर्ग घेतला. मी त्यातलं नंतर पडताळून पाहिलं, माणूस बरोबर बोलत होता.

दाराच्या हँडलला हात लावला की गाडी हळू आवाजात एक हाक मारते. साधारण 125 किलोहर्ट्झची, फार तर दोनेक मीटर पोचणारी. झोपलेला रिमोट त्या हाकेने जागा होतो आणि 433 मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देतो. उत्तर दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे एकदाचं चोरून टिपून ठेवलं तरी दुसऱ्यांदा चालत नाही. हाक मारायला गाडीत जागोजागी अँटेना बसवलेल्या असतात, दारांच्या हँडलमध्ये, सीटच्या आसपास, डिकीपाशी. कुठल्या अँटेनाची हाक रिमोटला किती जोरात ऐकू आली, त्यावरून तो आत आहे की बाहेर हे गाडी ठरवते. गाडीचं सगळं ज्ञान एवढंच. रिमोट स्टीलच्या डब्याला चिकटून पडला, शेजारी मोबाइल असला, वर त्याची बॅटरी म्हातारी झालेली असली, तर हाक पोचत नाही किंवा उत्तर बाहेर पडत नाही. गाडी समजते, आत कोणी नाही.

आता काकूंच्या कल्पनेकडे. लांबच्या रिमोटचा आवाज गाडीपर्यंत पोचवायचा, हे चोरांना केव्हाच सुचलं आहे. एक जण पेटी घेऊन गाडीपाशी उभा राहतो, दुसरा दुसरी पेटी घेऊन घराच्या दारापाशी, जिथे आत खुंटीवर रिमोट टांगलेला असतो. पहिली पेटी गाडीची हाक उचलते, दुसरी ती भिंतीपलीकडच्या रिमोटला ऐकवते, उत्तर त्याच वाटेने परत येतं. गाडीला वाटतं मालक शेजारी उभा आहे. ती उघडते आणि सुरूही होते. कुलूप फुटत नाही, गुप्त भाषा कोणी उलगडत नाही, फक्त निरोप इकडचा तिकडे होतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्या अशाच उघडून दाखवल्या होत्या. आता काही नव्या गाड्यांमध्ये उत्तर यायला किती वेळ लागला तेही मोजतात. रेडिओची लहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते, तेव्हा फार उशिरा आलेलं उत्तर लांबचं हे कळतं. बाकीच्यांनी रिमोट रात्री पत्र्याच्या डब्यात ठेवावा. चोराच्या पेटीला थोपवणारा उपाय तोच, आणि आमची पंचाईत करणाराही तोच.

किल्लीवाला स्कूटरवरून आला. रसवाल्यानेच त्याला फोन लावून दिला होता. पन्नाशीचा, डोक्यावर पगडी, मराठी आपल्या पोरांपेक्षा कितीतरी अस्सल. पुण्यात किल्ल्यांचं काम करणारे बरेचसे शिकलगार समाजाचे असतात. पूर्वी हत्यारांना पाणी आणि धार लावणारे, पुढे तेच हात कुलपांकडे वळले. आपण पाहतो ते पेठांतल्या फुटपाथवर, खोक्यावर किल्ल्यांचे झुबके टांगून बसलेले. हा त्यातलाच, फक्त खोक्याऐवजी स्कूटरच्या डिकीत हत्यारं.

त्याने गाडीला एक फेरी मारली, चारही हँडलं ओढून पाहिली आणि पिशवी न उघडता विचारलं, "गाडी कोणाची?"

"माझी," मामा म्हणाला.

"आरसी दाखवा काका."

आरसी आत, डॅशबोर्डच्या कप्प्यात. लायसन्स पाकिटात, पाकीट पाऊचमध्ये, पाऊच डिकीत. मी म्हटलं, थांबा, माझ्या फोनवर डिजिलॉकर उघडते. मामाचा नंबर घातला, ओटीपी पाठवला. डिकीतून स्पष्ट आवाज आला, टिंग. सगळे डिकीकडे बघायला लागले. आधार कार्डाच्या मागे लागले असते तर आणखी एक टिंग झालं असतं. तळजाईच्या पठारावर भर उन्हात उभा असलेला माझा मामा कागदोपत्री कोणीच नव्हता.

हास्यक्लबवाले खवळले. "अहो, आम्ही ओळखतो ना ह्यांना!" किल्लीवाल्याने विचारलं, "नाव काय यांचं?" आणि इतकी वर्षं रोज बरोबर हसणाऱ्या मंडळींची पंचाईत झाली. टेल्को. टेल्को एवढंच ठाऊक. एकाने आडनाव सांगितलं ते चुकीचं निघालं. शेवटी रसवाला बोलला. त्याला नाव माहीत नव्हतंच, पण ही पांढरी गाडी गेल्या दिवाळीनंतर येते, त्याआधी हे काका जुनी निळी मारुती घेऊन यायचे, कारल्यात मीठ घालत नाहीत आणि सुट्ट्या पैशांवरून कधी वाद घालत नाहीत, हे त्याने सांगितलं. किल्लीवाल्याने ते ऐकून घेतलं. मग मामाला म्हणाला, "डिकीत काय काय आहे सांगा." मामाने सांगितलं. डब्यात काय? आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. डॅशबोर्डवर? गणपती, पितळी, डावा कान किंचित घासलेला.

मला आधी ह्या सगळ्याचा राग आला होता. मग लक्षात आलं की एरवी सोसायटीच्या फाटकावर ह्याच माणसाला अडवून नाव लिही, फोटो काढ, कोणाकडे आलास असं विचारतात. आज तो विचारत होता आणि आम्ही धडपडत उत्तरं देत होतो. त्याची चौकशी त्या फाटकावरच्या वहीपेक्षा बरीच हुशारीची होती.

काम करता करता तो सांगत होता. पूर्वी तो इतकं विचारायचा नाही. एकदा एका फ्लॅटमध्ये कपाट उघडायला बोलावलं, नवऱ्याने. किल्ली हरवली म्हणाला. ह्याने उघडून दिलं, पैसे घेतले, निघाला. दुसऱ्या दिवशी बायको त्याला शोधत आली. किल्ली हरवलेली नव्हती, ती तिच्याजवळ होती आणि कपाट तिचं होतं. आत तिचे दागिने होते. "मी चोर नाही ताई," तो मला म्हणाला, "पण त्या दिवशी चोरी माझ्या हाताने झाली. तेव्हापासून दोघंही समोर असल्याशिवाय कपाट उघडत नाही."

हात मात्र चालू होते. दाराच्या वरच्या कोपऱ्यात त्याने आधी कापड लावलं, त्यावर प्लास्टिकची पाचर सारली आणि फटीत एक चपटी रबरी पिशवी सरकवली. तिला नळी आणि नळीला फुगा, डॉक्टरच्या बीपी मोजायच्या यंत्राला असतो तसाच. फुगा दाबत गेला तसं दार चौकटीपासून जेमतेम बोटभर सुटलं. मामा चष्मा वर करून फट न्याहाळत होता. "बस बस, पत्रा वाकेल," तो म्हणाला. किल्लीवाल्याने वर न बघता उत्तर दिलं, "काका, तुमचा पत्रा तुम्ही सांभाळलात, आता मी सांभाळतो." मग एक लांब सळई. तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, ओरखडा पडू नये म्हणून. सळई तिरकी आत गेली, गणपतीला वळसा घालून खाली आली, ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणांपाशी घुटमळली. पहिल्यांदा काचेच्या बटणावर पडली. दुसऱ्यांदा आरशाच्या. मग खट्ट आवाज झाला, चारही दारं सुटली आणि दार उघडताच गाडी जी किंचाळायला लागली ती सगळं पठार दणाणून सोडलं. झाडीतून मोर ओरडले. दार रिमोटशिवाय उघडलं म्हणजे चोरच आला, असा गाडीचा समज. पाऊण तास मालक बाहेर तिष्ठत होता तेव्हा तिला कोणाचीच काळजी नव्हती.

मामाने डिकीतून पाऊच काढली, रिमोट दाबला, आवाज बंद झाला. किल्लीवाल्याने हात पुढे केला. पैशांसाठी नाही, आरसीसाठी. मामाने आरसी दिली, लायसन्स दिलं. लायसन्सवरचा फोटो काळ्याभोर केसांचा आणि जाड मिशांचा, मामा तर आता टकला आणि सफाचट. किल्लीवाला एकदा फोटोकडे बघे, एकदा मामाकडे. "हे तुम्हीच?" शेवटी त्याने कार्ड रसवाल्यापुढे धरलं. रसवाल्याने हात पुसले, नीट बघितलं आणि म्हणाला, "नाक तेच आहे."

आठशे सांगितले होते. मामाने सातशे दिले आणि बाकीच्या शंभरावरून त्या दोघांची पत्रा, पाचर आणि टूलस्टील ह्या विषयांवर इतकी गोडीची चर्चा झाली की शेवटी मामानेच आणखी दोनशे काढून दिले. किल्लीवाल्याच्या एका पिकच्या, म्हणजे कुलपात घालायच्या आकड्याच्या, टोकाला पाणी बरोबर दिलेलं नाही, हे मामाला पाहवत नव्हतं. ते घरी घेऊन ये, नीट करून देतो, असं ठरलं. किल्लीवाल्याने खिशातल्या वहीत गाडीचा नंबर, मामाचं नाव, पत्ता, फोन, सगळं उतरवून घेतलं आणि मामाची सही घेतली. सासवडला पोचलो तेव्हा आमरस गेला होता. पुऱ्या खाल्ल्या.

नंतर मामाने रिमोट उघडला. आतली बॅटरी सीआर 2032, तिच्या नावातच तिचं माप असतं, व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2. मामाने तरीही व्हर्नियर लावून खात्री केली. जुनी काढली, नवी घातली. बॅटरी साफ बसली तरी रिमोट गाडीतल्या स्टार्टच्या बटणाला टेकवला की गाडी सुरू होते, रिमोटमधल्या एका चिपला बॅटरी लागतच नाही. हे त्याने करून पाहिलं आणि मलाही करायला लावलं. रिमोटच्या पोटात एक छोटी पात्याची किल्ली असते, अडीअडचणीला दार उघडायला. अडचणीतली किल्ली अडचणीतच कोंडून पडते, हे डिझाइन त्याला अजिबात मान्य नाही. ते पातं त्याने काढून माझ्याकडे कोथरूडला ठेवायला दिलं आहे. त्याने दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. "म्हणजे तुझ्यावर अर्धाच विश्वास," असं वर ऐकवलं.

मामी सांगलीहून आल्यावर तिला सगळं साग्रसंगीत सांगून झालं. तिने एकच विचारलं, "अहो, पण तो दुसरा रिमोट कुठे ठेवलाय?" मामा म्हणाला, अगदी नीट ठेवलाय. दोन कपाटं, एक माळा आणि देवघराचा खण उलटापालटा झाला, रिमोट अजून मिळालेला नाही. मामी म्हणते, "त्या किल्लीवाल्याला फोन करून विचारा. तुमची सगळी माहिती त्याच्याकडेच आहे."